तिलिस्म आणि त्याची किल्ली



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा बोनस किंवा कंत्राटी कामगार ह्यांपैकी एखादा विषय ते सुचवतील असे वाटले होते. त्यांनी विषय आमच्यावरच सोपवला आणि आम्ही देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' निवडली. युनियनचा माणूस आणि जादूची कादंबरी ही जोडी कशी जमली, असे आपल्या मनात आले असेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण ज्या पुस्तकांनी केले त्यांत हे एक आहे. त्याचे ऋण आज थोडेसे फेडावयाचे आहे.

१९९५ च्या सुमारास आम्ही भिवंडीला यंत्रमागावर होतो. दूरदर्शनवर तेव्हा 'चंद्रकांता' ही मालिका गाजत होती. आमच्या खोलीत जौनपूरकडचे एक वयस्क मागवाले राहत. सारे त्यांना चाचा म्हणत. ते मालिकेला नाक मुरडत. बारा तासांची पाळी संपली की ट्रंकेतून जुने पुस्तक काढून मोठ्याने वाचत. आमची हिंदी बाजारातली; परंतु पुढे काय झाले हे कळण्यास दुसऱ्या रात्रीपर्यंत धीर निघेना, म्हणून आम्ही स्वतःच वाचू लागलो. हिंदी साहित्याचे इतिहासकार रामचंद्र शुक्ल यांनी लिहून ठेवले आहे, की ह्या कादंबऱ्या वाचण्यासाठी कित्येक उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले. त्याच ठिकाणी त्यांनी असाही निकाल दिला आहे, की ह्यांत घटनांची नवलाई असली तरी ह्यांची गणना साहित्यात होत नाही. पंडितांचा निकाल पंडितांपाशी राहो. थकल्या माणसाला वाचावयास लावणारे पुस्तक आम्ही तरी हलके मानणार नाही.

खत्रींचा जन्म १८६१ चा. आपल्याकडे हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' निघाली तेही हेच वर्ष. बनारसच्या संस्थानातील चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. तेथील दऱ्या, धबधबे आणि पडके किल्ले त्यांनी पायाखाली घातले आणि १८८८ च्या सुमारास 'चंद्रकांता' लिहिली. नौगढ, विजयगढ, चुनार ही त्यातली नावे आजही नकाशावर सापडतात. पुढे 'चंद्रकांता संतति' चोवीस भागांत आली.

ह्या कथेत दोन गोष्टी मुख्य. एक अय्यार, म्हणजे वेष पालटून हेरगिरी करणारा. त्याच्या बटव्यात बेशुद्धीचे औषध असते आणि शुद्धीवर आणणारा लखलखाही असतो. हा अय्यार अमीर हमजाच्या जुन्या दास्तानांतून आलेला आहे. दुसरी गोष्ट तिलिस्म, म्हणजे खजिन्यावर रचलेले मायाजाल. पडक्या वाड्यात दगडी बगळा चोच उघडतो आणि माणूस गिळतो! आम्ही रात्री अंग चोरून ऐकत असू. परंतु शेवटी खुलासा होतो, की बगळ्याच्या पोटात कळसूत्रे होती आणि बेशुद्ध करणारा मसाला होता. कोणा कारागिराने ते बनवले होते. तिलिस्म मंत्राने फुटत नाही. ते कसे बांधले हे लिहिलेले पुस्तक असते. ते मिळवावे, नीट वाचावे आणि पायरीपायरीने पुढे जावे. ही गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली.

'संतति'त तर एका गुन्ह्याचा तपासच आहे. जमानियाचा राजा गोपालसिंह याचे लग्न लक्ष्मीदेवीशी ठरते. पण कारस्थानी दारोगा वधू बदलतो. ती खोटी राणी राजालाच कैदेत टाकते आणि तो मेला असे जाहीर होते. पुढे जुनी पत्रे बाहेर येतात आणि आळ येतो भूतनाथ नावाच्या अय्यारावर. तो धुतल्या तांदळासारखा नाही. खरे गुन्हेगार त्याला ठाऊक होते, पण लोभापायी तो गप्प बसला. तलवारीने कोणी मारले याहून, कोण जाणून गप्प बसले, ह्या प्रश्नाने कथा अधिक ताणली जाते.

त्याच सुमारास आमच्या ओळखीच्या एका पोराचा हात मागाच्या पट्ट्यात गेला. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून होता. पण पोराचे नाव हजेरीपटावर नव्हतेच. मालक म्हणाला, हा आमच्याकडे कामाला कधी नव्हता. जिवंत माणूस एका रात्रीत नाहीसा! बगळ्याने गिळावा तसा. मुकादमाने सारे पाहिले होते, पण त्याला पैसे पोचले होते. तो आमच्या खोलीत येऊन बसे. चाचा भूतनाथचा मुकदमा वाचू लागले, तेव्हा तो मधूनच उठून गेला. आठ दिवसांनी तो ताग्यांची वही घेऊन आला. कोणी किती कापड विणले, त्याची ती नोंद होती. पोराचे नाव चार महिने तीत होते.

कादंबरीने मुकादम सुधारला असे आम्ही म्हणणार नाही. त्यालाही एक पोरगा होता. तेच कारण असेल. आम्ही त्याला विचारले नाही. भरपाई मिळाली, हात काही परत आला नाही. आमची युनियनची पहिली शिकवणी ती. तेव्हापासून कोठेही गेलो की आधी वही मागतो.

खत्रींशी आमचे एक भांडण मात्र आहे. त्यांचे तिलिस्म ज्याच्या नावावर लिहिलेले, त्या राजपुत्रालाच फुटते आणि खजिना वाड्यात जातो. तेजसिंहासारखा बुद्धिमान अय्यार जन्मभर मालकासाठीच राबतो. बगळा घडवणाऱ्या कारागिराचे तर नावही नाही. चाचांना आम्ही हे बोललो, तेव्हा ते हसून म्हणाले, "बेटा, किताब राजाची असेल, पण वाचतो कोण आहे?"

बंधुभगिनींनो, आजही माणसे कागदावरून नाहीशी होतात. पगाराची चिठ्ठी, कंत्राटाचा करार, विम्याचा कागद आपल्यालाही तिलिस्मासारखे वाटतात आणि आपण हात जोडून उभे राहतो. हे सारे कोणीतरी बांधलेले आहे; म्हणून ते उलगडताही येते. त्यासाठी वाचणारा पाहिजे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने बोलले पाहिजे. भूतनाथ आपल्या प्रत्येकात थोडा आहे, आमच्यातही आहे. त्याला वेळेवर तोंड उघडावयास लावणे, एवढेच आपल्या हाती आहे.