माल हातात टिकला तर जमीन हातात टिकेल

(संघटनेच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी केलेलं बोलणं. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवावं.)



काल दिवसभर आपण सातबारा, प्लॉट, दंडाच्या पावत्या, तहसीलदाराकडचे अर्ज यावर बोललो. आज भाजी आणि फळं कशी टिकवायची यावर बोलायचं आहे. काही जणांनी सकाळी विचारलं, संघटनेच्या शिबिरात हे कशाला? आमचं म्हणणं, हा विषय जमिनीचाच आहे. कसा, ते आधी सांगतो.

१९७४ चा कायदा आपल्याला माहीत आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासीकडे गेलेली आदिवासीची जमीन परत देण्याची त्यात तरतूद आहे. त्यासाठी आपण तारखा केल्या, मोर्चे काढले. काहींना जमीन मिळाली, काहींचं अजून चालू आहे. पण ज्यांना मिळाली त्यांच्या शेतावर जाऊन बघा. सातबारा आपल्या नावावर आणि नांगर दुसऱ्याचा, अशी किती शेतं आहेत? हे कसं होतं? बियाण्याला, खताला, आजारपणाला शेठकडून उचल घेतली. ती फेडायची करली, काकडी, वाल, मिरची विकून. तो माल बाजारात पडेल त्या भावाने गेला. उचल फिटली नाही. मग शेठ म्हणतो, राहू दे, दोन वर्षं तुझं शेत मी करतो. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देता येत नाही, असा कायदा आहे. पण हा व्यवहार तोंडी. कागदावर काहीच दिसत नाही, आणि शेत गेलेलं असतं.

आता बाजारात काय होतं ते बघू. बाई पहाटे भाजी काढते, डोक्यावर पाटी घेऊन दोन-तीन तास चालते. समजा सकाळी करल्याला बरा भाव आहे. व्यापारी पाटीकडे बघतो आणि पुढे जातो. त्याला घाई नसते. बाईला असते, कारण उन्हात भाजी सुकत चाललेली असते आणि शेवटची एस.टी. चुकली तर रात्री जंगलातून चालायचं. दुपारी तोच माणूस निम्म्याहून कमी भाव सांगतो. परत न्यावी तर उद्या ती भाजी ढोरं खातील. ती त्याच भावाला देते. तीच भाजी आणखी तीन दिवस ताजी राहणार असती तर बाई पाटी उचलून घरी आली असती, नाहीतर दुसऱ्या बाजाराला गेली असती. भाजी टिकली की "नाही" म्हणता येतं. ही ताकद कमवायची आहे.

भाजी खराब का होते? तोडलेलं फळ, तोडलेली भाजी मेलेली नसते. ती आपल्यासारखा श्वास घेते. झाडावर असताना तिला मुळातून पाणी मिळतं, तोडल्यावर साठा संपत जातो. जितकं ऊन तितका श्वास जोरात. दहा अंश उष्णता वाढली की हा श्वास दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणून थंडीत चार दिवस राहणारी भाजी उन्हाळ्यात दोन दिवसांत जाते. दुसरं, अंगातलं पाणी उडतं. वीस किलो पालेभाजीतलं एक-दीड किलो पाणी उडालं की ती माना टाकते. वजनही गेलं, भावही गेला. तिसरं, जखम. नख लागलं, पाटी आपटली, देठ उपटला, की तिथून बुरशी शिरते आणि शेजारच्या फळालाही धरते.

यावरून करायचं काय ते आपोआप समजतं. भाजी पहाटे गारव्यात तोडायची, दुपारी नाही. तोडली की लगेच सावलीत. देठ ठेवून कापायचं, ओढायचं नाही. पाटीच्या तळाला आणि वरती हिरवा पाला, मग ओलसर गोणपाट. खाली जड माल, वर हलका. सडकं, किडकं आधीच वेगळं. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत आपल्यातले कितीतरी जण मजुरीला जातात. तिथे फळ जमिनीवर पडू द्यायचं नाही, चीक पुसायचा, लहान-मोठं निवडायचं, हे सगळं आपलेच हात करतात. दुसऱ्याच्या वाडीत जी काळजी घेतो ती आपल्या करल्याची का घेऊ नये?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पिकलेल्या आंब्यातून, केळ्यातून, टमाट्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, पण तो शेजारच्या फळाला पिकवतो. आंबा पेंढ्यात झाकून पिकवतो तो त्याच्याच जोरावर. पण काकडी, करली, पालेभाजी पिकत्या फळाजवळ ठेवली तर ती पिवळी पडते. म्हणून पिकणारं वेगळं, हिरवं वेगळं.

प्रत्येक मालाला एकच औषध चालत नाही. भोपळा पूर्ण पिकू द्या, दोन बोटं देठ ठेवून काढा, आढ्याला टांगा किंवा माळ्यावर एकमेकाला न लागता ठेवा. काही महिने राहतो. हे आपल्या म्हाताऱ्या करतच आल्या आहेत. सुरण लागेल तेवढाच काढा, बाकीचा जमिनीतच बरा. काढलेला असेल तर कोरड्या वाळूत. कांदा पातीसकट तीन-चार दिवस सुकवा, मान वाळल्यावर दोन बोटं ठेवून पात कापा, आणि खालून-वरून वारा जाईल अशा बांबूच्या मांडवावर पसरा. कांद्याला ओल नको. बटाटा अंधारात ठेवा. उजेडाने हिरवा झालेला भाग खाऊ नये, तो बाधतो.

वांगी, मिरची, टमाटे, पालेभाजी यांना मात्र गारवा आणि ओल दोन्ही लागतात. यासाठी दिल्लीच्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेने बिनविजेची थंड पेटी तयार केली आहे. तिला वीज नको, यंत्र नको. सावलीत, वारा असलेल्या जागी विटांचा एक थर जमिनीवर अंथरायचा. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, मधे तीन इंच फट. लांबी साडेपाच फूट, रुंदी पावणेचार फूट, उंची सव्वादोन फूट. फटीत नदीची वाळू भरायची. वरती बांबू आणि पेंढ्याचं झाकण. सकाळ-संध्याकाळ वाळूवर आणि विटांवर पाणी शिंपडायचं. मडक्यातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने ही पेटी गार राहते: पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. भर उन्हाळ्यात आतला गारवा बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असू शकतो. एका पेटीत साधारण शंभर किलो माल राहतो. विटा कुठून आणायच्या, असं कोणी विचारू नका. वीटभट्टीवर आपली माणसं सहा-सहा महिने विटा पाडतात. या कामाला तुटक्या विटाही चालतात. ज्याला तेवढंही जमत नाही त्याने मोठ्या रांजणात लहान मडकं ठेवून मधे ओली वाळू भरावी. घरच्यापुरतं काम होतं.

पेटीची मर्यादाही सांगतो, नाहीतर उद्या म्हणाल संघटनेने फसवलं. हवा कोरडी असेल तेव्हाच ती चालते. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा पाणी उडत नाही आणि गारवा येत नाही. म्हणजे श्रावण-भादव्यातल्या करल्या-काकडीला तिचा उपयोग कमी. त्या दिवसांत भाजी ओली ढिगात रचू नका. कुडाच्या घरात वाऱ्यावर पातळ पसरा आणि दुसऱ्या दिवशी बाजारात न्या. आणि कांदा, लसूण, भोपळा, सुरण पेटीत कधीच घालू नका. ओलीने सडतील.

शेवटचं, वाळवण. आंब्याचं झाड मोहोरावरच शेठला विकण्याची सवय आपल्याला महागात पडते. पावसाआधीच्या वाऱ्याने पडलेली कैरी तर फुकटच जाते. तिची आंबोशी करा. साल काढून पातळ फोडी, मीठ लावून कडक उन्हात, वरती पातळ कपडा म्हणजे माशी बसणार नाही. फोड वाकवली तर मोडली पाहिजे. नुसती वाकत असेल तर अजून पाणी आहे, बुरशी येईल. गार झाल्यावरच कोरड्या मडक्यात किंवा पत्र्याच्या डब्यात भरून तोंड घट्ट बांधा. वालपापडी, मिरचीही अशीच वाळते. मोहाची फुलं आपण वाळवतोच, पण पुरती न वाळवता लगेच विकतो आणि तीच पावसात शेठकडून जास्त भावाने आणतो. घरच्यापुरती तरी राखून ठेवा. आषाढात खावटीसाठी शेठच्या दारात उभं राहणं तेवढं कमी होईल.

एकट्या घराने हे करून व्यापारी ऐकणार नाही. एका बाईने पाटी परत नेली तर तो शेजारणीची घेईल. पाड्यातल्या सगळ्यांनी नेली तर त्याला टेम्पो रिकामा न्यावा लागेल. म्हणून पुढच्या गावबैठकीत तीन गोष्टी ठरवा. एक, पाण्याजवळ, सावलीत, पाड्याची एक सामायिक थंड पेटी; पाणी घालायची पाळी घरवार, आणि पाळी गड्यांनीही घ्यायची, ते बायांचंच काम समजू नये. दोन, एक वही: कोणी किती माल आणला, कोणत्या दिवशी, काय भावाने गेला. हिशोब पोरांनी लिहावा. तीन, पुढच्या हंगामात मोहोरावर झाड आणि उभ्या शेतावर उचल कोणी घ्यायची नाही; नड असेल तर आधी बैठकीत सांगायचं.

यातून सगळी उचल एका वर्षात फिटेल असं आम्ही म्हणत नाही. जमिनीची लढाई कचेरीत आणि रस्त्यावर चालूच राहील. पण परत मिळालेली जमीन पुन्हा जाऊ द्यायची नसेल, तर तिच्यावर पिकलेला माल चार दिवस आपल्या हातात राहिला पाहिजे. कोणत्या पाड्याने काय ठरवलं ते पुढच्या बैठकीला वहीसकट घेऊन या.

जिंदाबाद!