दोन फायली, एकच बाई

(आखाडा बाळापूर येथे महिला मेळाव्यात केलेल्या मांडणीचा संक्षेप)



एचआयव्ही झालेल्या बाईचं घर, जमीन, रेशनकार्ड यावर आपण पुष्कळ बोलतो. आज गोळ्यांवर बोलू. विषय डॉक्टरांचा वाटेल, पण भोगावं बाईलाच लागतं.

आपल्या कळमनुरी तालुक्यातली एखादी बाई डोळ्यासमोर आणा. एआरटीची गोळी रोज घेते. झोप नाही, मन उदास, मधूनच फिट येते, म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडेही जाते. तिच्या दोन फायली आहेत. एक ट्रंकेच्या तळाशी, दुसरी पिठाच्या डब्यामागे. या डॉक्टरला त्या फायलीचा पत्ता नाही. एकीकडे ‘वेडी’ म्हणतील, दुसरीकडे ‘तसली’. ही लपवाछपवी तिला समाजानं शिकवली.

सरकारी एआरटी २००४ मध्ये मोफत सुरू झाली. पुढे बरीच वर्षं एफाविरेन्झ असलेली गोळी मिळे. तिनं चक्कर, भयंकर स्वप्नं, काहींना नैराश्यही यायचं. आता टीएलडी मिळते: टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्रॅविर. ही पुष्कळ सोसवते, तरी काहींची झोप उडते.

आता खरी अडचण ऐका. फिटसाठी, कधी मनाच्या आजारासाठी, कार्बामाझेपिन देतात. त्यानं यकृताचं काम इतकं वाढतं, की डोल्युटेग्रॅविर रक्तात पुरेसं टिकत नाही. बाई एक दिवस चुकवत नाही, तरी विषाणू वाढू शकतो. मग तिलाच दरडावतात, ‘गोळ्या बुडवल्यास ना?’ माझा राग इथं आहे. डॉक्टरांना दोन्ही औषधं ठाऊक असली तर वाट निघते: बारा तासांनी डोल्युटेग्रॅविरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी, नाहीतर फिटचं दुसरं औषध. हेच कार्बामाझेपिन माला-एनसारख्या पाळणा लांबवायच्या गोळीचाही जोर कमी करतं. हे बाईला कोण सांगतं?

दुसऱ्या फळीच्या उपचारातलं रिटोनाविर उलटं वागतं. अल्प्राझोलाम, क्वेटियापिन अंगात साचतात. बाई दिवसभर गुंगीत, आणि सासू म्हणते आळशी झाली. लिथियम चालू असेल तर टेनोफोविरसोबत मूत्रपिंडाची तपासणी चुकवू नये. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन मात्र टीएलडीबरोबर सहसा चालतात. तेव्हा ‘दोनपैकी एकच उपचार घे’ असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नका.

आणि हो, पित्ताची चघळायची गोळी! टीएलडी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. लोह-कॅल्शियमचंही तेच, जेवणाबरोबर घेतली तर मात्र दोन्ही एकत्र चालतात.

मनानं काहीही बंद करू नका. कार्बामाझेपिन एकदम सोडलं तर फिट उसळतात.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. ओपीडीच्या गर्दीत मोठ्यानं विचारलं तर ‘आत बोलू’ म्हणा. सोबत जाणाऱ्या कार्यकर्तीनं एका चिठ्ठीवर सगळ्या गोळ्यांची नावं उतरवून द्यावी, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा. चिठ्ठी बाईच्याच हातात राहील, आपल्या रजिस्टरात नाही. एचआयव्हीसाठी १०९७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६, हे दोन नंबर आत्ताच लिहून घ्या.