अदृश्य सृष्टीचे दर्शन
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विज्ञान-संशोधनावर चार शब्द बोलावेत, परंतु ते घरातील लहानथोर सर्वांना समजतील असे असावेत, अशी आज्ञा चिटणिसांनी आम्हांस केली आहे. आज्ञेचा पूर्वार्ध सोपा असून उत्तरार्ध कठीण आहे. तथापि आमच्या मनात काही वर्षे एक गोष्ट सलत आहे. ती या निमित्ताने आपल्यापुढे मांडता येईल, म्हणून आम्ही हे काम पत्करले.

आम्ही मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीवर काम करीत आहोत, हे आपण जाणताच. काही वर्षांपूर्वी समितीकडे एका मुलीचा अर्ज आला. सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे संशोधन करावे, असा तिचा मानस होता. गुण उत्तम, घरची स्थिती बेताची. परंतु आपल्या निधीच्या नियमांत वैद्यक, अभियांत्रिकी आणि तत्सम अर्थकरी शिक्षणाचाच उल्लेख आहे. बैठकीत एक वडीलधारे सभासद म्हणाले, "जंतू पाहून कोणाचे पोट भरले आहे?" मंडळी हसली. अर्ज नामंजूर झाला. आम्ही त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो. त्या मौनाचा दोष आमचाच आहे. तो अन्य कोणावर ढकलण्याचे कारण नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आज आमचा विचार आहे. त्यासाठी आपणांस थोडा वेळ जर्मनीत, सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या एका घरात यावे लागेल.

हायडेलबर्ग नगरात युलियस रुस्का नावाचे विद्वान गृहस्थ राहत असत. विज्ञानाच्या इतिहासाचा आणि अरबी ग्रंथांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. त्यांच्या अभ्यासिकेत झाइस कंपनीचा एक मोठा सूक्ष्मदर्शक होता. वडील मुलांना कधीमधी त्यातून काही कौतुकाच्या वस्तू दाखवीत, परंतु हात लावू देत नसत. पोरांच्या हातून भिंगाला इजा होईल, ही त्यांची धास्ती. आपल्या घरांतून वडिलांच्या कपाटाला जशी बंदी असते, तशीच ती. या घरातील एर्न्स्ट हा मुलगा १९०६ साली जन्मला, त्याच्या पाठचा हेल्मूट १९०८ साली. थोरला विद्युत् अभियंता झाला आणि धाकटा डॉक्टर. आमची कथा या दोघा बंधूंची आहे.

त्या काळी वैद्यकशास्त्रापुढे एक कोडे होते. १८९२ साली रशियातील इव्हानोव्हस्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. रोगजंतू त्या गाळणीत अडकावयास हवे होते, परंतु गाळलेला रसही निरोगी रोपांना रोग लावी. रव्याच्या चाळणीतून मैदा निघून जावा, तसे काहीतरी त्यातून निघून जात होते. १८९८ साली हॉलंडमधील बायेरिंक यांनी, हा जंतूहून निराळाच काही पदार्थ आहे, असा निष्कर्ष काढला. त्यासच आपण आज विषाणू म्हणतो. देवी, पोलिओ, पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग, हे सर्व विषाणूंचेच उपद्रव. परंतु तंबाखूचा असो की पोलिओचा, त्या शत्रूचा आकार कोणी पाहिलेला नव्हता.

तो का दिसत नव्हता? सूक्ष्मदर्शकाची भिंगे कमी प्रतीची होती म्हणून नव्हे. एर्न्स्ट आबे या शास्त्रज्ञाने १८७३ सालीच दाखवून दिले होते की, मर्यादा भिंगाची नसून प्रकाशाची आहे. समुद्राच्या मोठ्या लाटेला नौका अडविते, परंतु पाण्यात रोवलेल्या काठीची ती दखलही घेत नाही. प्रकाश हीही एक लाट आहे, आणि तिच्या लांबीहून पुष्कळ लहान वस्तूची खूण ती आपल्याजवळ आणून देऊ शकत नाही. मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या प्रकाशात वेगळे दिसत नाहीत. तंबाखूच्या विषाणूची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर असली, तरी जाडी अवघी १८ नॅनोमीटर आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेव्हा डोळ्यांस डोळा लावून वैद्य बसले असते, तरी निष्फळ!

या कोड्याचे उत्तर वैद्यकाच्या शाळेत सापडले नाही. ते सापडले विजेच्या प्रयोगशाळेत, आणि तेही निराळ्याच कामातून. विजेच्या तारांवर आकाशातील वीज कोसळली की क्षणमात्र दाबाचा प्रचंड लोंढा उसळतो. तो मोजण्यासाठी बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात माक्स क्नोल यांच्या देखरेखीखाली कॅथोड किरणांचे एक मापनयंत्र सुधारले जात होते. एर्न्स्ट रुस्का तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाला. कॅथोड किरण म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत. तारेच्या वेटोळ्यातून वीज खेळविली असता तिचे चुंबकत्व या झोतावर भिंगासारखा परिणाम करते, असा सिद्धांत हान्स बुश यांनी १९२६ साली मांडला होता. रुस्काने तो प्रयोगाने पडताळला. एक भिंग जर चालते, तर दोन का जोडू नयेत? १९३१ साली क्नोल आणि रुस्का यांनी दोन चुंबकीय भिंगे एकापुढे एक ठेवून प्रतिमा मिळविली. ती सुमारे सोळापट मोठी होती. घड्याळजीच्या भिंगाहून फारशी अधिक नव्हे! परंतु वाट सापडली होती.

येथे भौतिकीने आपला हात पुढे केला. फ्रान्समधील लुई द ब्रॉय्‌ यांनी १९२४ साली प्रतिपादन केले होते की, इलेक्ट्रॉन हाही तरंगाप्रमाणे वागतो. रुस्काला हे प्रथम ठाऊकच नव्हते. कळले तेव्हा तो खट्टू झाला. इलेक्ट्रॉनही लाटच असेल, तर पुन्हा तीच मर्यादा आडवी येणार! परंतु गणित करून पाहता, या लाटेची लांबी प्रकाशाच्या लाटेच्या सुमारे एक लक्षांश भरली, आणि निराशेचा आनंद झाला. १९३३ साली रुस्काने सुमारे बारा हजारपट मोठी प्रतिमा देणारे यंत्र उभे केले. प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक मागे पडला.

आता सर्वांनी त्यास डोक्यावर घेतले असेल, असे आपणांस वाटेल. तसे काही झाले नाही. यंत्राच्या आत निर्वात पोकळी, त्यातून वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा. जिवंत वस्तू तेथे वाळून कोळसा होईल, हा जाणत्यांचा आक्षेप होता. तो निराधारही नव्हता, कारण रुस्काने ठेवलेले कापसाचे तंतू खरोखरच करपले होते. पैसा मिळेना. पोटासाठी रुस्काने दूरचित्रवाणीच्या एका कंपनीत नोकरी धरली. त्याचा सहकारी बोडो फॉन बोरिस हाही अन्यत्र चाकरीस लागला. दोघे जण सुमारे तीन वर्षे दारोदार फिरून साहाय्य मागत होते.

या पडत्या काळात धावून आला तो धाकटा भाऊ. हेल्मूट रुस्का नुकताच डॉक्टर झाला होता. थोरल्याच्या यंत्रातून रोगांचे अदृश्य कारण दिसेल, ही त्याची निष्ठा होती. त्याने आपले गुरू, नामांकित वैद्य रिचर्ड झीबेक यांची खात्री पटविली. या यंत्राने वैद्यकास केवढा लाभ होईल, याविषयी झीबेक यांनी १९३६ साली आपला लेखी अभिप्राय दिला. त्या अभिप्रायाच्या बळावर सीमेन्स कंपनीने १९३७ साली बर्लिनमध्ये या बंधूंना प्रयोगशाळा दिली. त्याच वर्षी बोरिस यांचा रुस्कांच्या भगिनीशी विवाह झाला. म्हणजे मेहुणाही घरचाच! १९३९ साली हेल्मूट आणि त्याचे सहकारी काउशे व फांकूख यांनी तंबाखूच्या विषाणूची छायाचित्रे प्रसिद्ध केली. बारीक काड्यांसारखी ती आकृती. मनुष्याने या विषाणूला असे प्रथमच समक्ष पाहिले.

मंडळी, येथे क्षणभर थांबून विचार करू. हे श्रेय कोणत्या शास्त्राचे? लाट कोणती वापरावी, हे भौतिकीने सांगितले. तिला वळविणारी भिंगे आणि तसूभरही न ढळणारा विजेचा दाब ही इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीची देणगी, कारण दाब किंचित हलला तरी प्रतिमा पुसट होते. पाहावे काय, आणि जे दिसते त्याचा अर्थ कोणता, हे सूक्ष्मजीवशास्त्राने ठरविले. तिघांतून एकाला वगळा, यंत्र मुके होईल. शास्त्रांमधील कुंपणे वेळापत्रकाच्या सोयीसाठी घातलेली आहेत. निसर्गाने ती घातलेली नाहीत.

ही वाट आपल्या देशापासूनही दूर राहिली नाही. मेघनाद साहा यांच्या प्रोत्साहनाने नीरजनाथ दासगुप्ता यांनी कलकत्त्यास चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातील पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले, ज्याचे नाव १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असे आहे. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात कोरोनाचा भारतातील पहिला रुग्ण आढळला. त्याच्या घशातील नमुन्यातून त्या विषाणूचे चित्र टिपले ते पुण्याच्या याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्याच साहाय्याने.

आणि आता त्या प्रश्नाकडे येतो. जंतू पाहून कोणाचे पोट भरले? १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाने आजारी बालकांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत त्यांना चाकासारखा गोल विषाणू आढळला. लॅटिन भाषेत चाकाला 'रोटा' म्हणतात, त्यावरून तो रोटा विषाणू ठरला. तान्ह्या मुलांच्या जुलाबाचे हे एक मोठे कारण आहे, हे तेव्हा उमगले. शत्रू दिसला, म्हणून लस शोधता आली. २०१६ पासून ती भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात दाखल झाली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात बाळाच्या तोंडात ती घालतात. या सभागृहात ज्यांच्या मांडीवर नातवंडे आहेत, त्यांनी घरी जाऊन लसीकरणाचे कार्ड पाहावे. जंतू पाहिल्याने पोट भरते की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही, परंतु आपल्या नातवंडांच्या पोटाचे रक्षण झाले, हे निश्चित.

अर्थात केवळ दर्शन म्हणजे उपाय नव्हे, हे आम्ही जाणतो. पाहण्यापासून लस भारताच्या कार्यक्रमात येईपर्यंत चार दशके लोटली. संशोधनाचे फळ लावणाऱ्याच्या हाती पडेलच, असेही नाही. एर्न्स्ट रुस्का यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली, पहिल्या प्रतिमेनंतर ५५ वर्षांनी. तेव्हा बोरिस, क्नोल आणि धाकटे बंधू हेल्मूट यांपैकी कोणीही हयात नव्हते. आंब्याची कोय पुरणारा आजोबा आंबे खाण्यासाठी ती पुरीत नाही, हे आपल्या कोकणातील मंडळींस सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. वर ज्या मेघनाद साहांचा उल्लेख केला, ते पूर्व बंगालमधील एका लहान दुकानदाराचे पुत्र. पुढील शाळा गावापासून दूर, आणि घरी पैसा नाही. तेव्हा त्या गावच्या एका डॉक्टरांनी त्यांस आपल्या घरी ठेवून घेतले, म्हणून त्यांचे शिक्षण झाले. मुलगा त्यांच्या नात्याचा की ज्ञातीचा, हे त्यांनी पाहिले नाही. जातीच्या भेदाचे चटके साहांना विद्यार्थिदशेत सोसावे लागले, ही गोष्टही येथे सांगितलीच पाहिजे. ज्ञातीच्या व्यासपीठावर ती सांगताना आम्हांस संकोच होतो, आणि तसा तो व्हावा हेच योग्य.

तेव्हा आमची विनंती अशी. आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे नियमदुरुस्तीचा जो ठराव येणार आहे, तो आम्ही मांडलेला आहे. निधीचा पाचवा हिस्सा मूलभूत विज्ञानात संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा, आणि साहाय्य एकदाच न देता सलग तीन वर्षे द्यावे, एवढेच त्यात म्हटले आहे. रुस्का आणि बोरिस यांची दारोदार फिरण्यात तीन वर्षे गेली. आपल्या मुलांची तशी जाऊ नयेत. पालकांनाही एक सांगणे आहे. 'पुढे काय?' हा प्रश्न मुलांना जरूर विचारा, परंतु त्याचे उत्तर पहिल्याच वर्षी मागू नका.

ज्या मुलीचा अर्ज आम्ही परत केला, तिचे पुढे काय झाले, याची चौकशी करण्याचे धैर्य आम्हांस पुष्कळ दिवस झाले नाही. गेल्या पावसाळ्यात ते केले. ती एका औषधांच्या दुकानात हिशेब लिहिते. काम प्रामाणिकपणाचे आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. तिची आम्ही क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, "काका, धाकट्या बहिणीचा अर्ज या वर्षी येणार आहे."

तो अर्ज आमच्या टपालात आला आहे. त्याचे काय करावयाचे, हे दुपारी आपण सर्वांनी मिळून ठरवावे, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.