पायांची खबरबात

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे पायांना मोठा मान. नवसाचा माणूस लेण्याद्रीच्या पायऱ्या अनवाणी चढतो, भीमाशंकरच्या पट्ट्यात भातलावणी चिखलात उभं राहून होते, वारी तर पायीच. मग मधुमेहाच्या माणसाला 'अनवाणी फिरू नका' हे सहज कसं पटावं?

श्रोतेहो, माणूस आजाराविषयी जे मानतो, तसाच तो पायांशी वागतो. तळव्यांची आग झाली, की 'उष्णता'. काशाच्या वाटीनं तूप चोळायचं. मुंग्या आल्या, की 'वात'. गरम विटेचा शेक. कुरूप झालं, की बिब्बा. आणि जखम दुखत नसली, की 'बरी होतेय'. ही शेवटची समजूत सगळ्यांत घातक. वाढलेली साखर पायांच्या नसा बधिर करते. अशा पायाला विटेचा चटका कळत नाही, बिब्बा उतला तरी कळत नाही.

माझ्या ओळखीच्या एका शेतकरी काकांच्या पायात काटा मोडला. चादरीवर डाग दिसला, तेव्हा समजलं. "दुखलं असतं तर दाखवलं असतं की," ते म्हणाले. अंगठा काढावा लागला. काका हट्टी नव्हते. दुखणं खरं सांगतं, हा त्यांचा जन्माचा अनुभव होता.

हे कोडं आधी कुष्ठरोगात उलगडलं. 1946 साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं, की संवेदना गेल्यावर न कळलेल्या जखमांनीच रुग्णांची बोटं जातात. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेल्या मऊ एमसीआर रबराच्या चपला आज मधुमेहींनाही सांगतात. 'ती कुष्ठरोग्यांची' म्हणून नाक मुरडणारे मी पाहिलेत. तीही एक समजूतच!

श्रद्धा सोडायला मी सांगत नाही. आमच्याकडे नमाजाआधी वजू करताना पाय घोट्यापर्यंत धुतात, बोटांच्या बेचक्यांतून करंगळी फिरवतात. वारकरीही मुक्कामाला पाय धुतो. त्याच वेळी तळवे आरशात पाहावेत. नजर अधू असेल, तर नातवाला पाहायला सांगावं. बेचक्या कोरड्या पुसाव्यात, नाहीतर चिखल्या होतात. चप्पल झटकून घालावी. देवळात, दर्ग्यात मोजे असावेत. आणि फोड, भेग, काळा डाग दिसला, तर दुखण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.