आपल्यानंतरही कामाला येणारी त्वचा

डोंबिवलीकरांना स्फोट नवे नाहीत. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, दोन्ही वेळा एमआयडीसी हादरली. पण भाजायला कारखानाच लागतो असं नाही. घरचा गॅस, उकळतं पाणी, दिवाळीचे फटाके, काहीही पुरतं. म्हणून आज बोलूया त्वचेबद्दल.

मोठ्या माणसाची सगळी त्वचा पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. म्हणजे साधारण सिंगल बेडच्या गादीएवढी! सगळ्यात वर बाह्यत्वचा. ती पातळ असते, पण साधारण महिन्याभरात नवी होते. तिच्याखाली आंतरत्वचा. रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, सगळं इथे. त्याखाली चरबी.

वरवर भाजलं, तर केसांच्या मुळांजवळ उरलेल्या पेशींपासून त्वचा परत येते. आंतरत्वचा पूर्ण जळाली की त्या पेशीच जातात. मग अंगातलं पाणी बाहेर झिरपतं, जंतू आत शिरतात, शरीराची ऊब टिकत नाही.

अशा वेळी पेशंटचीच त्वचा दुसरीकडून काढून लावतात. पण अर्ध्याहून जास्त अंग भाजलं असेल, तर काढणार कुठून? इथे दान केलेली त्वचा लागते. शरीर तिला काही आठवड्यांत नाकारतं, हे खरं. पण तोवर जखम झाकलेली राहते, वेदना कमी होतात आणि पेशंटला सावरायला वेळ मिळतो.

आणि ही सोय लांब नाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला उतरा. तिथल्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये स्किन बँक आहे. सायन हॉस्पिटलमध्येही आहे.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा घ्यावी लागते. दाता अठरा वर्षांच्या पुढचा हवा. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, त्वचेचा कॅन्सर असेल तर चालत नाही. रक्तगट जुळायची गरज नाही. मांड्या, पाय आणि पाठीवरून फक्त वरचा पातळ थर काढतात, वर बँडेज बांधतात. चेहऱ्याला हात लागत नाही, अंत्यविधी नेहमीसारखे होतात. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये, थंड ठिकाणी, पाच वर्षांपर्यंत टिकते.

अडचण एकच. त्या सहा तासांत फोन घरच्यांनी करायचा असतो, आणि तेव्हा कुणाला काही सुचत नाही. फॉर्म भरून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि घरी कुणाला माहीतच नसेल, तर उपयोग शून्य. म्हणून आज जेवताना आई-बाबांशी बोला. विषय अवघड आहे, पण आधीच बोललेला बरा.