अर्ज भरणाऱ्याकडून अर्ज घडवणाऱ्याकडे

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा तालुक्यात, दुसरबीडसारख्या गावी ज्याला ‘कम्प्युटरचे काम’ म्हणतात, त्यात विंडोज टाकण्यापासून प्रिंटरची शाई भरण्यापर्यंत आणि सातबारा काढून देण्यापासून उत्पन्नाच्या दाखल्याचा ऑनलाइन अर्ज भरण्यापर्यंत सारे काही येते. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आणि आयटीआयमधील ‘कोपा’ हा एक वर्षाचा ट्रेड यांनी ग्रामीण तरुण-तरुणींसाठी या कामाचे दार उघडले. परंतु तेथून वेबसाइट घडवण्याच्या व्यवसायाकडे जाणारी वाट आपल्यासाठी नाही, असा समज त्यांच्यात आढळतो, आणि तो खोडून काढणे अगत्याचे आहे.

वेबपानाचे तीन थर असतात: मजकुराची रचना सांगणारी एचटीएमएल, रंगरूप ठरवणारी सीएसएस आणि पानाला हालचाल देणारी, १९९५ मध्ये जन्मलेली जावास्क्रिप्ट ही भाषा. त्यांच्यामागे सर्व्हर, म्हणजे माहिती पुरवणारा दूरचा संगणक, आणि डेटाबेस, म्हणजे त्या माहितीचे कोठार, उभे असतात. युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. आजही संगणकावरील बहुतेक ब्राउझरांत एफ-१२ ही कळ दाबली की, रोज भरल्या जाणाऱ्या अर्जाची एचटीएमएल रचना पडद्यावर उलगडते, आणि शिक्षणाचा आरंभ तेथूनच व्हावा.

कारण अर्ज कोठे अडतो, हे अर्ज भरणाऱ्यालाच नेमके ठाऊक असते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचताना चार अक्षरांचे. पण युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात व्यंजन, हलन्त आणि मात्रा स्वतंत्र मोजल्या जात असल्याने त्याचे दहा संकेत होतात, आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येकी तीन याप्रमाणे तीस बाईट लागतात. नावाच्या रकान्याला वीस बाईटांची मर्यादा घातली, तर रोमन लिपीतील अकरा अक्षरांचे तेच नाव सहज बसते, मराठीतले मात्र ‘ज्ञाने’पाशीच तुटू शकते. केवळ इंग्रजी नावे घालून चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसणारच नाही. सेवा केंद्रावर बसलेल्याने तो भोगलेला असतो, आणि हा अनुभव व्यवसायातले खरे भांडवल आहे.

अर्थात अनुभव म्हणजे कौशल्य नव्हे. डेटाबेसला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल भाषा आणि प्रोग्रामच्या कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन शिकण्यास सवड व चिकाटी लागते. शिवाय या व्यवसायात प्रमाणपत्राइतकेच, किंबहुना अधिक, वजन करून दाखवलेल्या कामाला असते. म्हणून पहिले काम जवळचेच निवडणे इष्ट: गावातील खत-बियाण्यांच्या दुकानासाठी मागणी नोंदवणारे एखादे मराठी पान, जे स्वस्त मोबाइलवर उघडते आणि अर्ध्यावर रेंज गेली तरी शेतकऱ्याने भरलेला मजकूर जागच्या जागी राखते.