न्हाणीघरांतील आडोसा

घर बांधतांना गृहस्थ बैठकीच्या खोलीचा विचार वर्षभर करतो. न्हाणीघराचा विचार मात्र गवंडी जावयास निघाला म्हणजे करतो. पुढें घरांतील वडीलधाऱ्या माणसाचे गुडघे धरले, अथवा पक्षाघातानें एक अंग लुळें पडलें, म्हणजे या हयगयीचें फळ दिसूं लागतें. भोकरसारख्या तालुक्याच्या गांवीं जुन्या घरांतील न्हाणीघर पुष्कळदां चार फूट रुंद व पांच फूट लांब असतें. दार दोन फुटांचें, तेंही आंत उघडणारें. पाणी बाहेर येऊं नये म्हणून दाराशीं चार बोटें उंच कट्टा. आणि खालीं शहाबादी फरशी, वापरानें गुळगुळीत झालेली. धडधाकट माणसास यांत कांहींच खटकत नाहीं. कुबडी घेऊन चालणाऱ्यास मात्र तो चार बोटांचा कट्टा डोंगराएवढा होतो.

मुलगा परगांवीं मिळवूं लागला, म्हणजे वडिलांच्या सोयीसाठीं शॉवर व त्याभोंवतीं काचेचा आडोसा बसवावा असें त्यास वाटतें. हेतु चांगला आहे. परंतु दुकानांत जाण्यापूर्वीं दोन प्रश्नांचीं उत्तरें घरींच शोधावीं. वडील त्या आडोशाच्या आंत आपले आपण जाऊं शकतील काय ? आणि आंत पडले, तर दुसऱ्यास त्यांच्यापर्यंत पोंचतां येईल काय ?

चाकाच्या खुर्चीसाठीं दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें तीन फूट, असावी. खुर्ची पूर्ण वळवावयास पांच फूट व्यासाचें वर्तुळ लागतें. चार फूट रुंदीच्या खोलींत तें बसतच नाहीं. त्यांत काचेची पक्की चौकट उभी केली, तर उरलीसुरली जागाही जाते. म्हणून लहान न्हाणीघरांत आडोसा असा हवा, कीं जो नको तेव्हां बाजूस होईल.

असे आडोसे मुख्यतः दोन. पहिला पडदा. तो स्वस्त असून सर्व वाट मोकळी करतो; मात्र ओला पडदा अंगास चिकटतो, म्हणून त्याच्या खालच्या कांठांत वजन घातलेलें असावें. दुसरा प्रकार अर्ध्या उंचीच्या घडीच्या दारांचा. आजोबा आंत बसलेले असतां मुलगा बाहेर कोरडा उभा राहून दारांवरून त्यांची पाठ चोळूं शकतो. ज्यास दुसऱ्याच्या हातानें स्नान करावें लागतें, त्यास हा प्रकार उत्तम. काचच घ्यावयाची असेल, तर टफन्ड काच घ्यावी. ती फुटली तर तिचे लहान, बोथट तुकडे होतात. परंतु या भागांतील बोअरचें पाणी बहुधा जड असतें, आणि त्याचे पांढरे डाग काचेवर रोज पुसावे लागतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

आडोशापेक्षां जमीन अधिक महत्त्वाची. कट्टा काढून टाकावा, आणि पांच फुटांस सव्वा इंच इतका उतार मोरीकडे द्यावा. पाणी आपोआप वाहून जातें. फरशी खरबरीत घ्यावी. धरावयाची दांडी धडधाकट हाताच्या बाजूस बसवावी. उजवें अंग लुळें असणाऱ्यास उजवीकडील दांडी निरुपयोगी. टॉवेलची दांडी माणसाचें वजन पेलीत नाहीं. भिंत अर्ध्या विटेची असेल, तर बोल्ट आरपार नेऊन पलीकडून लोखंडी पट्टी लावावी. दार बाहेर उघडणारें करावें, कारण आंत पडलेल्या माणसाच्या अंगानेंच आंत उघडणारें दार अडतें. कडी बाहेरून काढतां येईल अशी असावी.

आपल्याकडे पूर्वींपासून स्नान बसूनच होतें. पाटाऐवजीं दीड फूट उंचीचें पक्कें आसन आणि हातांत धरावयाचा शॉवर एवढें मिळालें, तरी उन्हाळ्याच्या टंचाईंतही बादलीभर पाण्यांत काम भागतें. गिझरचें पाणी मात्र आधीं बेतशीर करून घ्यावें. ६० अंशांचें पाणी कांहीं सेकंदांत भाजतें, आणि बधिर अंगास तें कळतही नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६ लाख ८४ हजार माणसें पडून दगावतात, आणि त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा अधिक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सार्वजनिक इमारती सुगम करण्याचें बंधन घातलें. घरांतील न्हाणीघर पाहावयास कोणी अधिकारी येत नाहीं. तेथें पाहणी घरच्यांनींच करावयाची. पडण्याचें भय बसलें, म्हणजे वृद्ध माणूस आज नको, उद्यां पाहूं, म्हणत स्नान टाळूं लागतो. तो आळस नव्हे. मुलापुढें, सुनेपुढें उघडें होण्याची ती लाज असते. तेव्हां खरेदीपूर्वीं आजोबांनाच तेथें कोरड्या जमिनीवर खुर्चीत बसवावें, हात कोठवर पोंचतो तें पाहावें, आणि दांडी कोठें हवी तें त्यांच्याच तोंडून ऐकून भिंतीवर खूण करावी. दुकानाची वाट त्यानंतर धरावी.